जोयड्यातली मोकळी जमीन कोणती?

दांडेली सोडून जोयड्याची वाट धरली की गणेशगुडीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याकडेला फलक सुरू होतात. रिसॉर्ट, होमस्टे, जंगल कॅम्प, काळी नदीतले राफ्टिंग आणि मधूनमधून ‘जागा विकणे आहे’. शनिवार-रविवारी बेळगाव, हुबळी-धारवाड, कोल्हापूर, पुणे, गोवा, बंगळूर इथून गाड्या येतात. परतताना गाडीतल्या कुणाच्या तरी मनात एक विचार घोळत असतोच, की इथे दहा-वीस गुंठे मिळाले तर! चहूकडे झाडी, लांबलांबपर्यंत घर नाही. एवढी जमीन मोकळी पडली आहे, तिथे एखादे छोटे घर बांधायला हरकत कसली?

हरकत आहे. ती समजून घ्यायची तर जोयड्यात मोकळी जमीन किती आणि ती आहे कुठे, हे आधी पाहावे लागेल.

उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा तालुका. क्षेत्रफळ एकोणीसशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिपटीहून जास्त. २०११च्या जनगणनेत माणसे मोजली गेली ती मात्र बावन्न हजारांच्या घरात. मुंबईत एका नगरसेवकाच्या प्रभागात साधारण एवढी माणसे राहतात. नकाशावर बोट ठेवले तर बोटाखाली हिरव्या रंगाशिवाय काही येत नाही. या जिल्ह्याची सुमारे ऐंशी टक्के जमीन वनखात्याची आहे आणि जोयडा त्यातही जंगलाचा तालुका. अणशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. या जंगलात घर बांधता येत नाही, बांधू देऊही नये. मग विकायला निघते ती जमीन कोणती?

ती मालकीची जमीन. जोयड्यात मालकीची जमीन म्हणजे दोन टेकड्यांच्या मधल्या सखल पट्ट्यातली भातखाचरे, त्यांच्या वरच्या अंगाला असलेले घर, घरामागची परसबाग, थोडी माडा-पोफळीची बागायत आणि कुठे नदीकाठाची पट्टी. उतार आणि माथे वनखात्याकडे, तळ माणसांकडे, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे जोयड्यात जे बांधकाम होते ते बहुतेक भाताच्या नाहीतर पाण्याच्या जागेवर होते. पाहुण्याला जंगल दिसते म्हणून तो येतो आणि त्याचे घर उभे राहते ते शेतात. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचा खुलासा आहे.

ही वाटणी पूर्वापार नव्हती. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. जोयडा-हल्याळ भागात मराठी शाळा आणि मराठी बोलणारी घरे आजही भेटतात, त्यामागे हेही एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथले कुणबी डोंगरउतारावर कुमरी करत. रानाचा एक तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन पिकांनंतर तो तुकडा रानाला परत देऊन पुढे सरकायचे. जहाजे आणि रेल्वे यांसाठी लाकूड हवे असलेल्या ब्रिटिश वनखात्याला ही शेती म्हणजे नासाडी वाटली. १८६०च्या दशकापासून कुमरीवर बंधने आली, रान राखीव झाले, आणि डोंगरभर वावरणारा कुणबी तळातल्या खाचरांपुरता उरला. धनगर-गवळी आपली जनावरे ज्या माळांवर चारत ते माळही सरकारी दप्तरात वनजमीन म्हणून नोंदले गेले. आज ज्या माळावर ‘काहीच नाही’ असे आपण म्हणतो, तिथे एखाद्या गवळीवाड्याची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आलेली असतात. फक्त कागद त्यांच्या नावाचा नसतो.

मग दुसरा धक्का बसला. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते. तालुक्याचे ठाणे तिथे होते आणि तालुक्याचे नावही सुपाच होते. गणेशगुडीजवळ कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनने १०१ मीटर उंचीचे धरण बांधले आणि १९८०च्या दशकात सुपा पाण्याखाली गेले. पूर्ण भरल्यावर या जलाशयात १४५ टीएमसीच्या आसपास पाणी मावते. धरणाच्या पायथ्याचे वीजघर १०० मेगावॉटचे, पण खरा उपयोग पुढे आहे. इथे साठवलेल्या पाण्यावर खालचे नागझरीचे मोठे वीजघर चालते आणि त्याच्याही खाली कोडसळ्ळी आणि कद्रा आहेत. राज्याला वीज मिळाली. जोयड्याचे गेले काय? नदीखोऱ्याचा रुंद, सपाट, गाळाचा तळ गेला, म्हणजे तालुक्यातली उत्तम भातजमीन गेली. आधीच थोडी असलेली मालकीची जमीन आणखी थोडी झाली. आज उरलेल्या खाचरांचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

विस्थापितांसाठी नवी वस्ती वसवली गेली ती रामनगरला, बेळगाव-गोवा रस्त्यावर, लोंढ्याच्या पुढे. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. रामनगर हा कोऱ्या जमिनीवर गाव वसवण्याचा इथला सर्वांत मोठा प्रयोग. आखलेले रस्ते, आखलेले भूखंड, हमरस्त्याची सोय. आज ती तालुक्यातली गजबजलेली बाजारपेठ आहे. पण नदीकाठचे गाव जिथे हलवले तिथे नदी नव्हती आणि रामनगरचा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला. ज्यांच्या गावावर एवढे पाणी साठवले त्यांनाच पाण्यासाठी अर्ज करावे लागावेत, ही गोष्ट मला फार लागते. जुनी गावे पाणी पाहून वसत. नवी वसाहत रस्ता पाहून वसते. गणेशगुडी-जोयडा रस्त्यावर आज पडणारे भूखंडही रस्ता पाहूनच पडतात.

त्याआधीचा एक प्रयोग दांडेलीचा. जंगलातल्या लाकडाच्या या ठाण्याचे १९५५ साली स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिलमुळे कारखान्याचे शहर झाले. गिरणीला बांबू हवा होता आणि भोवताली बांबूच बांबू होता. काही वर्षांत तो कमी पडू लागला. १९७०च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बांबूचा अभ्यास केला, तेव्हा एक गोष्ट पुढे आली. तोडणी सोपी व्हावी म्हणून बांबूच्या बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ केले जात होते. ते काढले की कोवळे कोंब उघडे पडत आणि गुरे व रानातली जनावरे ते खाऊन टाकत. नवे बांबू येणार कुठून? आवरण काढू नये हे भोवतालच्या गावकऱ्यांना ठाऊक होते. त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. जमिनीबाबतही आज तेच चालले आहे. खाचराचे काम काय, हे ते कसणाऱ्याला विचारावे लागते.

ते काम आता जवळून पाहू.

सह्याद्रीचा माथा या तालुक्यातून जातो. माथ्यावरच्या कॅसलरॉकला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो, तरी जोयड्याच्या बऱ्याच भागात तो भरपूरच आहे. वर्षाला अडीच हजार मिलिमीटर धरला तर एका गुंठ्यावर, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरवर, चार-साडेचार महिन्यांत अडीच लाख लिटर पाणी पडते. टेकडीवरून उतरणारे पाणी वेगळेच.

हे पाणी खाचरात आल्यावर काय होते? दर वर्षी चिखलणी करून करून खाचराच्या तळाशी, वीतभर खाली, चिकण मातीचा घट्ट थर तयार झालेला असतो. त्यातून पाणी हळूहळू झिरपते. भोवती गुडघ्याएवढा बांध. बांधाला एके ठिकाणी खाच ठेवलेली असते. खाचरात हवे तेवढे पाणी राहते आणि वरचे खाचेतून खालच्या खाचरात उतरते, तिथून त्याच्या खालच्या. अशी दहा-वीस खाचरांची उतरंड ओढ्यापाशी संपते. शेतकरी पावसात खोरे घेऊन फिरतो तो मुख्यतः या खाचा उघडायला आणि बुजवायला. एका एकरात १५ सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते सहा लाख लिटर होते. दहा एकरांच्या पट्ट्यात साठ लाख लिटर पाणी एका वेळी थोपून राहते आणि पूर येण्याऐवजी सावकाश ओढ्याला मिळते. जे झिरपते ते खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरते. पिकलेला भात हे या जमिनीचे एकच उत्पन्न आहे असे पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, कागदावर दिसते. पाणी धरून ठेवण्याची नोंद तिथे नसते.

आता या उतरंडीच्या मधल्या एका खाचरात बांधकाम सुरू होते. पहिली गोष्ट होते ती भराव. जेसीबीने बाजूच्या उताराचा लाल मुरूम खरवडून खाचरात टाकला जातो आणि जमीन तीन-चार फूट उंच केली जाते. इथे एकाच दिवसात तीन गोष्टी बिघडतात. वरच्या खाचराचे पाणी खाली उतरायला वाट राहत नाही. ते तुंबते आणि तिथला भात कुजतो. खालच्या खाचराला पाणी मिळेनासे होते, नाहीतर भरावाच्या कडेने लोंढ्यासारखे येऊन त्याचा बांध फोडते. आणि जिथला मुरूम काढला तो उतार उघडा पडतो. विकले एकच खाचर, पण कामातून जातात तीन-चार. मग शेजारचा शेतकरी दोन-चार हंगाम भांडतो, थकतो आणि आपलेही विकायला काढतो. अशी शेते एकामागून एक पडत जातात आणि शेवटी दलाल म्हणतो, बघा, इथे आता शेती कोणी करतच नाही.

१८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमात याबद्दल स्पष्ट दाखला आहे. वरच्या जमिनीवर पडलेले किंवा तिथे उगम पावलेले पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत वाहू देणे हा वरच्या जमीनमालकाचा हक्क आहे. म्हणजे भराव घालून पाणी अडवणाऱ्याविरुद्ध शेतकऱ्याला दाद मागता येते. पण दावा लावायचा, तारखांना जायचे, त्यासाठी कामाचा दिवस मोडायचा, वकील द्यायचा. कायदा आहे म्हणून त्याचा आधार मिळतोच असे नाही. तरी तो आहे, हे खाचर राखणाऱ्याने ओळखून असावे.

भरावावर बांधणाऱ्याचाही फायदा होत नाही, हे त्याला उशिरा कळते. खाली चिकण माती, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वर न दबलेला मुरूम. पाया त्या चिकण मातीच्या खाली घट्ट थरापर्यंत नेला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या भेगा जातात. त्याहून वाईट म्हणजे सांडपाणी. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जिरायला हवे. पावसाळ्यात खाचराच्या जागी भूजल हात-दोन हातांवर आलेले असते. खड्डा आधीच पाण्याने भरलेला, त्यात जिरणार काय? मैलापाणी वर येते आणि ओढ्याला लागते. उलट टेकडीवरच्या जांभ्या दगडात पाणी इतक्या भरभर झिरपते की ते गाळले जाण्याआधीच खालच्या विहिरीत पोचते. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा, असे मानक सांगते. भेगाळ जांभ्यात तेवढेही अंतर पुरेल याचा भरवसा नसतो. एका घराचे निभावून जाईल. पण वीस खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये सलग सुट्यांना शंभर माणसे उतरली तर ती एका वाडीएवढे मैलापाणी तयार करतात, आणि ते काळी नदीच्या काठावर.

राहिला तो खरवडलेला उतार. या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी वर जांभ्याचे कठीण टोपण आणि त्याच्या खाली मऊ, पांढुरकी-पिवळट चिकण माती असते. किनाऱ्याकडचे लोक तिला शेडी म्हणतात. जांभा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून उतरते आणि शेडीवर येऊन अडते. उतार अखंड असेपर्यंत झाडांची मुळे आणि वरचा भार यांच्या जोरावर सारे उभे असते. पायथा कापला की शेडीचे तोंड उघडे पडते, पाण्याने ती लोण्यासारखी होते आणि वरचा जांभा तिच्यावरून घसरतो. २००९ साली कारवारजवळ कडवाडच्या झरीवाड्यात दरड कोसळून माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये यल्लापूर तालुक्यातल्या कळचे गावाचे डोंगर घसरले. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्यातल्या शिरूरला राष्ट्रीय महामार्गावर डोंगर आला. तो पायथा रस्ता रुंद करण्यासाठी कापलेला होता. प्रत्येक ठिकाणची कारणे थोडी वेगळी आहेत, पण जिल्हा एकच आणि पावसाळाही तोच. रिसॉर्टसाठी उतार कापणारा जेसीबीवाला हे लक्षात घेत नाही. संरक्षक भिंत बांधली तरी मागच्या पाण्याला बाहेर यायला भोके आणि भिंतीमागे दगडगोट्यांचा थर लागतो. नाहीतर भिंत पाणी अडवते आणि पाणी भिंत ढकलते.

नदीकाठची तऱ्हा निराळी. दांडेलीजवळच्या काळीकाठी २०११ साली धनेश पक्ष्यांसाठी ५२.५ चौरस किलोमीटरचे संवर्धन क्षेत्र जाहीर झाले. धनेशाला घरटे करायला जुन्या, जाड झाडाची ढोली लागते. मादी त्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून बारीक फट ठेवते, आणि पिल्ले वाढेपर्यंत नर त्या फटीतून तिला उंबराची-वडाची फळे भरवतो. नर दगावला तर सारे कुटुंबच संकटात येते. अशी ढोली तयार व्हायला झाडाला कित्येक दशके लागतात. खिडकीतून नदी दिसावी म्हणून ते झाड काढायला दुपार पुरते. ज्या पक्ष्याचे चित्र रिसॉर्टच्या फलकावर असते, त्याचीच ही गत होते.

मग कुणबी जमीन का विकतो? त्याला दोष देणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला अन्यायाचे वाटतात. दोन एकर भातात घर चालत नाही. गवा आणि रानडुक्कर पीक खातात. मुले दांडेली, बेळगाव, गोव्यात कामाला आहेत. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सीमेच्या अलीकडच्या जोयड्यातल्या कुणब्यांना तो नाही. त्यामुळे २००६च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो, तोही जिथे कागद कधी नव्हता अशा रानात. रानातली जमीन नावावर होत नाही आणि नावावरची पोसत नाही. अशा माणसापुढे कोणी रोख पैसे ठेवले तर तो काय करील?

त्यात कायदाही बदलला. कर्नाटकच्या जमीनसुधारणा कायद्यात १९७४ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ मार्च १९७४ पासून कसणाऱ्या कुळाला मालकी मिळाली. या जिल्ह्यात त्यासाठी आधी दीर्घ लढा झाला होता. शेतकरी नेते दिनकर देसाईंनी १९४०च्या सुमारास अंकोला-कारवारकडे कुळांना संघटित केले आणि त्याबद्दल देसाईंना जिल्ह्यातून हद्दपार व्हावे लागले. पुढे ७९अ, ७९ब अशा कलमांनी शेतकरी नसलेल्याला आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्नवाल्याला शेतजमीन घेता येत नव्हती. २०२० साली ७९अ, ७९ब आणि ७९क ही कलमे काढून टाकण्यात आली. पळवाटा आधीही होत्या हे खरे, आणि शेतकऱ्याला हवे ते गिऱ्हाईक मिळावे हा युक्तिवादही अगदीच पोकळ नाही. पण परिणाम उघड आहे. लढून कुळाच्या हाती आलेले खाचर आता बंगळूर-पुण्याच्या पैशाच्या एका फटक्यात जाऊ शकते.

घेतल्यावरचा मार्ग असा. महाराष्ट्रात सातबारा, तसा इथे आरटीसी, बोलीत पहाणी. भूमहसूल कायद्याच्या ९५व्या कलमाखाली शेतीची जमीन बिगरशेती करून घ्यावी लागते. ती परवानगी देण्याचा अधिकार कारवारला बसणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू प्रणालीत फॉर्म ९ आणि ११, त्यानंतर बांधकाम परवाना. या कागदांत मालकी, वारस, बोजा, हद्द हे सगळे तपासले जाते. खाचराची खाच कुठे आहे आणि भराव टाकल्यावर शेजाऱ्याचे पाणी जाणार कुठे, हा रकानाच नाही. माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा तीच होईल. बिगरशेती करण्याआधी ग्रामसभेत, शेजारच्या खातेदारांसमोर, पाण्याची वाट नकाशावर काढून घ्यावी. जुलैमध्ये काढावी. मार्चमध्ये सगळीच जमीन कोरडी आणि सारखी दिसते.

आपल्याकडे पुण्याजवळच्या लवासाचा अनुभव आहेच. १९९६च्या गिरिस्थान धोरणाखाली वरसगाव धरणामागच्या डोंगरात शहर उभे राहू लागले, नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, पुढे परवानगी मिळाली आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर कापला गेला तो गेलाच. शहरही पुरे झाले नाही. गोव्यात २००७ साली लोकांनी रस्त्यावर येऊन प्रादेशिक आराखडा २०११ रद्द करायला लावला. त्यानंतरही तिथे शेतजमिनीचे वापर बदलण्याचा वाद संपलेला नाही. गोव्यात जमीन महाग आणि भांडणाची झाली की पैसा घाट चढून कुठे येतो, हे गोव्याकडून जोयड्यात चढणाऱ्या अणमोड घाटावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

इंग्लंडने या प्रश्नावर एक साधा उपाय केला आहे. तिथे १९५५पासून शहरांभोवती हरितपट्टे राखले गेले. त्याने घरे महाग झाली अशी टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे. पण २०१७पासून प्रत्येक स्थानिक नियोजन संस्थेला आणखी एक नोंदवही ठेवावी लागते, आधी वापरून झालेल्या आणि आता घरांसाठी वापरता येतील अशा जमिनींची. नवे बांधायचे असेल तर आधी ही वही उघडायची. जोयड्यात अशी वही कोणी केली तर ती कोरी राहणार नाही. धरणे बांधताना सपाट केलेल्या जागा आणि कामगारांच्या वसाहती आहेत. चिऱ्याच्या आणि दगडाच्या खाणी आहेत, मँगनीज काढून सोडलेले खड्डे आहेत. कॅसलरॉकला, जिथे १९६१पर्यंत पोर्तुगीज गोव्याची हद्द सुरू व्हायची आणि प्रवाशांची जकाततपासणी होत असे, रेल्वेच्या जुन्या इमारती आहेत. यांतल्या ज्या जागा व्याघ्र प्रकल्पात किंवा वनजमिनीत मोडतात त्या रानाला परत गेल्या पाहिजेत. उरलेल्यांवर पर्यटनाची सोय करता येईल. जमीन तिथे आधीच मोडलेली आहे आणि रस्ता आहे.

आणि कुणब्याचे घर आहेच. खाचराच्या वरच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी, पुराच्या रेषेच्या वर, सारवलेले अंगण आणि परसात कंदांचे वेल. ही जागा पिढ्यांच्या अनुभवाने निवडलेली असते. तालुक्यातल्या कुणबी समाजाने कंदमेळा भरवायला सुरुवात केल्यापासून काटेकणंगी, मुडली असे कंद घ्यायला लांबून लोक येतात. त्या घराला एखादी खोली जोडून, नीट सांडपाण्याची सोय करून पाहुणे ठेवले तर भराव लागत नाही, उतार कापावा लागत नाही आणि पैसा जमीन न विकता येतो. तालुक्यात अशी घरगुती निवासाची ठिकाणे आहेत. त्यांना रिसॉर्टएवढेच परवाने, तेवढेच दाखले आणि तेवढ्याच खेपा घालाव्या लागू नयेत, एवढे सरकारने पाहिले तरी पुष्कळ होईल.

हे वाचणाऱ्यांत जोयड्याला जाऊन आलेले आणि तिथे जागा शोधणारे कोणीतरी असणार. त्यांना माझी विनंती आहे. दलालाबरोबर उन्हाळ्यात जाऊ नका. आषाढात जा, छत्री घेऊन त्या जमिनीत तासभर उभे राहा आणि वरच्या-खालच्या दोन्ही शेतकऱ्यांना विचारा की इथून कुणाचे पाणी जाते. भाताची खाचरे आणि नदीची पट्टी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घर हवेच असेल तर जिथे आधी घर होते तीच जागा घ्या. नाहीतर कुणब्याच्या घरी चार दिवस राहून त्याच्या हातात पैसे द्या आणि परत या.